फेरिटिन वाढलं, अंग काळवंडलं: दोष लोहाचा की ॲड्रिनलचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, स्त्री. हाशिमोटोचा थायरॉइड काही वर्षांपासून आहे आणि गोळी चालू आहे. वर्षभर थकवा जात नाही, वजन उतरलंय, उठून उभं राहिलं की भोवळ येते, चेहरा आणि हात काळवंडलेत. तपासणीत फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६४० आलं. जादा लोह ॲड्रिनल ग्रंथीत साचतं, त्यामुळे ती ग्रंथी थकते आणि प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, असं वाचनात आलं. मग हे सगळं लोहामुळेच आहे का? रक्त काढून टाकलं तर बरं वाटेल का?

तुमच्या प्रश्नात लोह पहिलं आलंय आणि भोवळ मागे राहिली आहे. मी हा क्रम उलटा लावेन. हाशिमोटो असलेल्या माणसाचं वजन उतरतंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि कातडी काळवंडते आहे, या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की माझ्या डोक्यात फेरिटिन येत नाही, ॲडिसनचा आजार येतो. म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी, मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या त्या दोन लहान ग्रंथी, कॉर्टिसॉल (आजारपणाचा ताण पेलायला लागणारं हार्मोन) आणि अल्डोस्टेरॉन (शरीरातलं मीठ-पाणी राखणारं हार्मोन) पुरेसं बनवत नाहीत. लोह साचायला वर्षं लागतात आणि त्याचा तपास दोन-चार आठवडे लांबला तरी बिघडत नाही. कॉर्टिसॉलचं तसं नाही. ते आटलेलं असताना साधा ताप, उलट्या-जुलाब किंवा दात काढण्याएवढी छोटी शस्त्रक्रियासुद्धा जिवावर बेतू शकते. म्हणून पुढचं सगळं वाचण्याआधी याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि एसीटीएच (ॲड्रिनलला चालना देणारं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) तपासून घ्या, सोबत सोडियम आणि पोटॅशियमही. दरम्यान उलट्या थांबेनात, ग्लानी आली किंवा बीपी खूप उतरलं, तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं आणि ‘ॲड्रिनलची शंका आहे’ हे शब्द तिथे उच्चारायचे. अशा वेळी शिरेतून किंवा स्नायूत १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची जागा घेणारं स्टेरॉइड) आणि सलाइन हा उपचार रिपोर्ट हातात येण्याआधीच सुरू करतात, आणि तसंच करायला हवं.

ॲडिसनचाच संशय का? हाशिमोटो हा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार आहे, आणि ऑटोइम्यून आजार बऱ्याचदा एकटे येत नाहीत. थायरॉइड आणि ॲड्रिनल या दोन्हींवर एकाच माणसाची प्रतिकारशक्ती उलटल्याचं वर्णन १९२६ सालीच श्मिट यांनी करून ठेवलं आहे. आज त्याला ऑटोइम्यून पॉलिग्लँड्युलर सिंड्रोमचा दुसरा प्रकार म्हणतात. यात ॲड्रिनलमधल्या २१-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी सापडतात. लोहाचा या प्रक्रियेत हात असावाच लागतो असं अजिबात नाही.

थायरॉइडच्या गोळीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. थायरॉक्सिनमुळे, म्हणजे त्या गोळीतल्या हार्मोनमुळे, शरीरात कॉर्टिसॉलचा निचरा वेगाने होतो. ॲड्रिनल आधीच अशक्त असेल आणि ‘थकवा जात नाही’ म्हणून गोळीचा डोस वाढवला, तर माणूस सुधारण्याऐवजी खचतो. डोस वाढवल्यावर तुमची तब्येत आणखी ढासळली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. शिवाय कॉर्टिसॉल कमी असताना टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) आपोआप थोडं चढलेलं दिसू शकतं आणि स्टेरॉइड सुरू झाल्यावर ते खाली येतं. टीएसएचच्या आकड्यावरून डोस ठरवण्याआधी कॉर्टिसॉल माहीत असणं म्हणूनच महत्त्वाचं. मात्र स्वतःहून गोळी बंद करू नका.

रिपोर्ट वाचताना एवढं लक्षात ठेवा. सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर ॲड्रिनल कमी पडते आहे हे जवळपास नक्की. १५ ते १८च्या वर असेल तर शक्यता फार कमी. मधल्या आकड्यांसाठी २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून ३० किंवा ६० मिनिटांनी पुन्हा कॉर्टिसॉल मोजतात. ते १८च्या पुढे गेलं पाहिजे असं जुनं प्रमाण होतं, नव्या तपासपद्धतींमध्ये १४-१५ पुरेसं धरतात, त्यामुळे प्रयोगशाळेची पद्धत विचारात घ्यावी लागते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एकूण कॉर्टिसॉल फसवं जास्त दिसतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही आधी सांगा, कारण त्याने अनेक हार्मोनच्या चाचण्या बिघडतात.

आता काळवंडण्याकडे येऊ, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये ॲड्रिनलच्या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या नजरेत आधी भरली होती ती रुग्णांची कांस्यवर्णी कातडी. या आजाराला ॲडिसनचं नाव देणारे फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनीच १८६५ मध्ये मधुमेह, कडक झालेलं यकृत आणि कांस्यवर्णी कातडी असा रुग्ण नोंदवला. तोच पुढे लोहाच्या साठ्याचा आजार, हिमोक्रोमॅटोसिस, म्हणून ओळखला गेला. हे दोन आजार पहिल्यापासूनच कातडीच्या रंगाने एकमेकांसारखे दिसत आलेत.

पण जवळून पाहिलं तर फरक कळतो. उजेडात हात उलटा धरा आणि तळहाताच्या रेषा पाहा. ॲडिसनमध्ये बाकीचा तळवा फिका असला तरी रेषांमध्ये काळपट रंग भरल्यासारखा दिसतो. बोटांच्या पेरांवर, कोपरांवर, कपड्याचा पट्टा घासतो तिथे, आजार सुरू झाल्यानंतरच्या जखमेच्या व्रणांवर रंग गडद असतो. आरशापुढे गाल आतून ताणून पाहा: हिरड्यांवर आणि गालाच्या आत निळसर-काळे डाग आहेत का? काही लोकांच्या हिरड्यांवर जन्मापासून डाग असतात, म्हणून प्रश्न ‘आहेत का’ एवढाच नाही, ‘नवीन आलेत का’ हा आहे. जुना फोटो शेजारी ठेवून पाहिलं तर उत्तर मिळतं. लोहाच्या साठ्यात मात्र रंग राखाडी किंवा धातूसारखी झाक असलेला, सगळीकडे पसरलेला आणि उन्हाकडच्या भागावर जास्त असतो.

ॲडिसनमधला रंग येतो तो एसीटीएचमुळे. ॲड्रिनल दाद देत नाही म्हणून पिट्युटरी एसीटीएच ओतत राहते आणि ते कातडीतल्या रंगपेशींनाही चेतवतं. लोहाने बहुतेक वेळा घाव पिट्युटरीवर घातलेला असतो. मग एसीटीएच वाढत नाही, उलट कमी होतं. म्हणून कॉर्टिसॉलच्या जोडीला एसीटीएच मोजायचंच. कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच खूप जास्त, म्हणजे बिघाड ॲड्रिनलमध्ये. दोन्ही कमी, म्हणजे वरच्या पातळीवर, पिट्युटरीत.

आता तुमचं ६४०.

फेरिटिन म्हणजे लोह नव्हे. लोह साठवणारं ते प्रथिन आहे आणि शरीरात कुठेही दाह सुरू झाला की ते वाढतं. संसर्ग, संधिवात, यकृतावरची चरबी, दारू, लठ्ठपणा, कर्करोग, काहीही. वाढलेलं फेरिटिन घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात जादा लोह नसतंच. मला हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण एका आकड्याच्या धास्तीने लोक रक्त काढून घेतात आणि खरा आजार तसाच राहतो.

यामागची यंत्रणा सुंदर आहे. यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन बनवतं. आतड्यातून रक्तात लोह सोडणारं दार म्हणजे फेरोपोर्टिन हे प्रथिन, आणि हेप्सिडिन ते दार बंद करतं. दाह झाला की इंटरल्युकिन-६ हे दाहाचं रसायन हेप्सिडिन वाढवतं, लोह पेशींमध्ये कोंडलं जातं, रक्तात फिरणारं लोह कमी होतं आणि फेरिटिन वाढतं. ऑटोइम्यून रुग्णांमध्ये हिमोग्लोबिन कमी आणि फेरिटिन जास्त ही कोड्यासारखी जोडी दिसते ती यामुळे. आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसमध्ये नेमकं उलट होतं. हेप्सिडिन अपुरं पडतं, दार उघडंच राहतं आणि शरीराला लोह बाहेर टाकायचा खास मार्ग नसल्यामुळे ते साचत जातं. दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह आपण गमावतो आणि एरवी तेवढंच घेतो.

या दोन अवस्था वेगळ्या करणारी तपासणी स्वस्त आणि साधी आहे: ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती टक्के भरलंय ते. सकाळी उपाशीपोटी सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता) मोजायचं, आयर्नला टीआयबीसीने भागून शंभराने गुणायचं. आयर्न ५८ आणि टीआयबीसी २४० असेल तर सॅच्युरेशन २४ टक्के. फेरिटिन ६४० असूनही इथे लोहाचा साठा फारसा संभवत नाही, दाह किंवा यकृत शोधायचं. आयर्न १९० आणि टीआयबीसी २५० असेल तर ७६ टक्के, आणि मग लोहाची गोष्ट खरीच गंभीर. सीमा साधारण ४५ टक्क्यांची धरतात. त्याच्या वर असेल तर चाचणी पुन्हा करून एचएफई जनुकाची (आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसमध्ये बिघडलेलं जनुक) तपासणी आणि गरजेप्रमाणे यकृतातलं लोह मोजणारा एमआरआय करतात. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या हे विचारून घ्या. तुमच्या रिपोर्टमध्ये हा आकडा नसेल, तर ६४०वर कुणीही ठाम मत देणं घाईचं ठरेल. पाळी चालू असलेल्या स्त्रीचं दर महिन्याला थोडं लोह जात असतं, म्हणून आनुवंशिक प्रकार स्त्रियांमध्ये बहुधा उशिरा, पाळी गेल्यावर डोकं वर काढतो. सी२८२वाय हा त्यातला मुख्य बदल उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त आढळतो, इतरत्र क्वचित. जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरी प्रत्येकाला आजार होतोच असंही नाही.

समजा, लोह खरंच जादा आहे. मग ॲड्रिनल बिघडते का? बिघडू शकते, पण यादीत ती बरीच खाली आहे. हार्मोनच्या ग्रंथींपैकी सगळ्यात आधी मार बसतो तो स्वादुपिंडाला आणि पिट्युटरीतल्या प्रजननाशी निगडित पेशींना. मधुमेह होतो, पाळी थांबते, पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन आणि कामेच्छा घटते, आणि तपासणीत एफएसएच, एलएच ही पिट्युटरीची प्रजनन-हार्मोन कमी येतात. ॲड्रिनलमध्ये लोह सापडतं ते मुख्यतः बाहेरच्या थरात, जिथे अल्डोस्टेरॉन बनतं. कॉर्टिसॉल बनवणारा मधला थर बऱ्याच अंशी बचावतो. म्हणून आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसमध्ये खराखुरा ॲडिसनसारखा आजार विरळा.

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा आनुवंशिक रक्तविकार, याची गोष्ट वेगळी. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येतं, आणि निरोगी माणसाच्या शरीरात एकूण लोह असतं साधारण ३ ते ४ ग्रॅम. लहानपणापासून महिन्याला एक-दोन पिशव्या चढत गेल्या तर काय होत असेल ते दिसतंच. या मुलांमध्ये वयात येणं लांबतं, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड मंदावतात, आणि ॲड्रिनलची ताकद आतल्या आत घटलेली असते. रोजच्या जगण्यात ते कळत नाही, एसीटीएच टोचून पाहिल्यावरच उघडं पडतं. मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया आली की ही छुपी कमतरता अचानक समोर येते. असं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांनी लोह उतरवणाऱ्या औषधांइतकंच महत्त्व ॲड्रिनलच्या तपासणीला द्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे दुखणं वेळेवर कळलं तर त्यावर उपाय आहे.

प्रयोगशाळेतून आलेली एक गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. लोहामुळे पेशीच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं जळून पेशी मरते, त्या मृत्यूला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे नाव मिळालं. स्टेरॉइड बनवणाऱ्या ॲड्रिनलच्या पेशी या प्रकारच्या मृत्यूला विशेष हळव्या आहेत असं पुढच्या काळात प्रयोगांतून दिसलं. तुम्ही वाचलेल्या मजकुराचं मूळ बहुधा याच ठिकाणी असावं. पण ताटलीतल्या पेशींवरून माणसातल्या थकव्याचं कारण ठरवता येत नाही.

राहता राहिला ऑटोइम्यून आजार. लोह प्रतिकारपेशींच्या वागण्यावर परिणाम करतं हे खरं. पण जादा लोहामुळे हाशिमोटो, ल्युपस किंवा ॲडिसन सुरू होतो, असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. मग दोन्ही एकाच घरात का दिसतात? एक कारण शेजाराचं आहे. एचएफई जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे आणि प्रतिकारशक्तीची ओळखपत्रं बनवणारी एचएलए जनुकंही त्याच भागात आहेत. हिमोक्रोमॅटोसिस आणि एचएलए-ए३ यांचं नातं १९७६ मध्येच लक्षात आलं होतं, खुद्द एचएफई जनुक सापडलं १९९६ मध्ये. ऑटोइम्यून ॲडिसनची जोखीम वाढवणारे एचएलए-डीआर३ आणि डीआर४ हेही सहाव्या गुणसूत्रावरचेच. शेजारची जनुकं पुष्कळदा एकत्र वारशाने येतात. त्यावरून एक आजार दुसऱ्याला जन्म देतो असं ठरत नाही.

दुसरं कारण नकलेचं. हिमोक्रोमॅटोसिसचा सांधेदुखीचा प्रकार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाच्या पेरांना धरतो. हस्तांदोलन करताना कळ येते. हे इतकं रूमॅटॉइड संधिवातासारखं दिसतं की चुकीचं लेबल लागण्याची भीती असते. क्ष-किरणात हुकासारखी वाढलेली हाडाची टोकं दिसली आणि संधिवाताच्या अँटिबॉडी नसल्या, तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहायलाच हवं.

आणि एक बाजू तर उलटीच आहे. हाशिमोटो आणि ॲडिसनच्या रुग्णांमध्ये सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो) आणि ऑटोइम्यून जठरदाह जास्त आढळतात, आणि या दोन्हींत लोह नीट शोषलं जात नाही. म्हणजे तुमच्यासारख्या रुग्णांत मला जादा लोहापेक्षा कमी लोह जास्त वेळा सापडतं, आणि दाहामुळे चढलेलं फेरिटिन ती कमतरता झाकून टाकतं. अंगात दाह असताना फेरिटिन १००च्या खाली आलं तरी कमतरतेचा संशय घ्यावा लागतो.

ऑटोइम्यून आजार, जास्त फेरिटिन आणि मंद ॲड्रिनल हे तिन्ही एकाच माणसात सापडण्याचं सगळ्यात सामान्य कारण मात्र लोहाशी संबंधितच नाही. ते आहे स्टेरॉइडच्या गोळ्या. संधिवात किंवा ल्युपससाठी रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभराहून अधिक काळ घेतलं की स्वतःची ॲड्रिनल झोपी जाऊ शकते. दाहामुळे फेरिटिन वाढलेलं असतंच. मग गोळी अचानक बंद केली की थकवा, मळमळ, भोवळ, आणि रिपोर्ट पाहणाऱ्याची नजर लोहावर जाते. सांध्यातली इंजेक्शनं, दम्याचे जास्त ताकदीचे पंप, कातडीवरची जोरदार मलमं, ‘ताकदीच्या’ म्हणून दिलेल्या घटक न सांगितलेल्या पुड्या यांतूनही स्टेरॉइड शरीरात जातं. यातलं काहीही घेतलं असेल तर लपवू नका आणि अचानक थांबवू नका.

फेरिटिन हजारांत किंवा दहा हजारांच्या पुढे गेलं, सोबत रोज चढणारा ताप, सांधेदुखी, अंगावर फिकट गुलाबी पुरळ असेल, तर प्रौढांतला स्टिल्स डिसीज किंवा प्रतिकारशक्तीचा भडका उडवणारा मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम पाहावा लागतो. तिथे फेरिटिन हा भडक्याचा मापक आहे आणि उपचार तातडीचा. तुमचा आकडा त्या वर्गातला नाही.

आता रक्त काढण्याबद्दल. खऱ्या हिमोक्रोमॅटोसिसमध्ये हा उत्तम उपचार आहे. एका वेळी सुमारे ४५० ते ५०० मिलिलिटर, म्हणजे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह कमी होतं, आणि फेरिटिन साधारण ५० ते १०० पर्यंत आणतात. यकृत वाचतं, थकवा बऱ्याच जणांचा कमी होतो. तरुण वयात सुरू केलं तर काहींची प्रजनन-हार्मोन परत येतात. पण ऑटोइम्यून आजार रक्त काढून बरा होतो याला ठोस आधार नाही. आणि तुमच्या बाबतीत तर कॉर्टिसॉलचा निकाल येईपर्यंत मी एक थेंबही काढू देणार नाही. अल्डोस्टेरॉन नसलेल्या शरीरात मीठ आणि पाणी आधीच कमी असतं, बीपी काठावर असतं, त्यात अर्धा लिटर रक्त गेलं तर माणूस खुर्चीतच कोसळू शकतो. ॲड्रिनलची कमतरता निघाली तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, गरजेप्रमाणे फ्लुड्रोकॉर्टिसोन (अल्डोस्टेरॉनची जागा घेणारं औषध), आणि बीपी स्थिरावल्यावरच लोहाचा विचार. लोहाच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन सीचे मोठे डोस मात्र सॅच्युरेशन कळेपर्यंत थांबवायला हरकत नाही.

‘ॲड्रिनल थकली’ हे जे तुम्ही वाचलं, त्या निदानाला वैद्यकशास्त्रात आधार नाही. २०१६ मध्ये यावरच्या ५८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि असा आजार सिद्ध होत नाही हाच निष्कर्ष निघाला. तुमचा थकवा मी नाकारत नाही, तो खराच आहे. पण त्या नावाखाली विकली जाणारी पूरकं घेत बसण्यात खऱ्या ॲडिसनचे मौल्यवान महिने निघून जातात, आणि काही पूरकांत ग्रंथींचा अर्कही असतो, त्याने चाचणीच बिघडते.

कॉर्टिसॉल चांगलं आलं आणि सॅच्युरेशन ४५च्या आत असेल, तर यकृताच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, सीआरपी (दाह मोजणारी तपासणी), साखर आणि सीलिॲकच्या अँटिबॉडी करून घ्या, आणि तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा. सॅच्युरेशन जास्त येऊन जनुकाचा दोष निघाला, तर तुमच्या सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. त्यांच्यापैकी प्रत्येकाला तोच दोष असण्याची शक्यता किमान चारात एक आहे, आणि यकृत कडक होण्याआधी कळलं तर त्यांचं पुढचं आयुष्य सामान्य जाऊ शकतं. आणि कॉर्टिसॉल कमी निघालं, तर स्टेरॉइड सुरू होतानाच आजारपणात डोस दुप्पट-तिप्पट कसा करायचा हे लिहून घ्या, तातडीचं हायड्रोकॉर्टिसोन इंजेक्शन घरात ठेवा आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या एका माणसाला शिकवून घ्या.